यीस्ट पेशीतील तर्कूची स्थाननिश्चिती

यीस्ट पेशीतील तर्कूची स्थाननिश्चिती म्हणजे समसूत्री विभाजनाच्या वेळी यीस्टची (किण्वाची) पेशी आपला तर्कू योग्य जागी नेऊन योग्य दिशेला वळवते ती प्रक्रिया होय. तर्कू सूक्ष्मनलिकांचा बनलेला असतो आणि गुणसूत्रांच्या दोन प्रतींना परस्परांपासून दूर नेण्याचे काम करतो. मुकुलनाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये पेशी कोठे दुभंगणार हे तर्कू तयार होण्यापूर्वीच ठरलेले असते. त्यामुळे तर्कूलाच त्या ठरलेल्या जागेशी जुळवून घ्यावे लागते. हे साधले नाही तर एका पेशीत दोन केंद्रके राहतात आणि दुसरी केंद्रकाविना उरते. केंद्रक नसलेल्या पेशीला पुढे वंश नसतो.

या प्रक्रियेचा सर्वाधिक अभ्यास पाव व मद्य बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या जातीत झाला आहे. प्रस्तुत लेखात 'यीस्ट' हा शब्द विशेष उल्लेख नसेल तेथे याच जातीसाठी वापरला आहे.

पार्श्वभूमी

प्राण्यांच्या पेशींत तर्कू जेथे असेल त्यावरून पेशी दुभंगण्याची जागा ठरते. पाठ्यपुस्तकांत सहसा हेच वर्णन आढळते, पण ते यीस्टला लागू पडत नाही. यीस्टमध्ये हा क्रम उलटा आहे. विभाजनचक्राच्या आरंभीच पेशी आपल्या पृष्ठभागावरील एक जागा निवडते, तेथे सेप्टिन प्रथिनांचे कडे बसते आणि त्या कड्यातून मुकुल (कळी) बाहेर येते. मातृपेशी आणि मुकुल यांना जोडणाऱ्या या अरुंद भागाला मान म्हणतात. पेशी शेवटी मानेपाशीच तुटते. मातृपेशीचा व्यास सुमारे ५ मायक्रोमीटर आणि मानेचा सुमारे १ मायक्रोमीटर असतो. (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) केंद्रक मानेपेक्षा रुंद असते, म्हणून मानेतून जाताना ते आवळले जाऊन डमरूसारखे दिसते.

दुसरा महत्त्वाचा भेद केंद्रकाच्या आवरणाचा आहे. प्राण्यांच्या पेशींत विभाजनाच्या वेळी हे आवरण विरघळते, यीस्टमध्ये ते अखेरपर्यंत अखंड राहते. अशा विभाजनाला बंदिस्त समसूत्री विभाजन म्हणतात. येथे तर्कू केंद्रकाच्या आतच तयार होतो. त्याच्या दोन टोकांना असलेले ध्रुवपिंड आवरणात आरपार रुतलेले असतात. ध्रुवपिंडाच्या आतल्या बाजूने निघणाऱ्या सूक्ष्मनलिका तर्कू घडवतात, तर बाहेरच्या बाजूने निघणाऱ्या मोजक्या नलिका पेशीद्रव्यात पसरतात. या बाह्य नलिकांना तारकीय सूक्ष्मनलिका असे नाव आहे. तर्कूला हलवायचे असेल तर सगळे केंद्रकच हलवावे लागते, आणि त्यासाठी पेशीला धरता येण्याजोगी दावी म्हणजे या तारकीय नलिकाच होत.

'तर्कू' हा शब्द मुळात सूतकताईच्या चातीसाठी आहे. मधे फुगीर व दोन्ही टोकांना निमुळत्या अशा प्राणिपेशीतील रचनेला तो शोभतो. यीस्टचा तर्कू मात्र एखाद्या बारीक काडीसारखा दिसतो. एकगुणित पेशीत १६ गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक गुणसूत्रप्रत एकाच सूक्ष्मनलिकेने धरलेली असते, त्यामुळे संपूर्ण तर्कूत सुमारे ४० नलिकाच असतात. मध्यावस्थेत त्याची लांबी दीड ते दोन मायक्रोमीटर असते. पश्चावस्थेत तो लांबत जाऊन मातृपेशी व मुकुल यांच्या दोन टोकांपर्यंत पोहोचतो.

या रचनेचे तपशीलवार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रण ब्रेक बायर्स व लोरेटा गोएट्श यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. तारकीय नलिकांचे कार्य नेमके कोणते, हे १९९२ मध्ये ट्युब्युलिन प्रथिनाच्या शीतसंवेदी उत्परिवर्तकांवरून स्पष्ट झाले. या नलिका नाहीशा झाल्या तरी तर्कू लांबत राहतो, पण तो मानेकडे न वळता मातृपेशीतच कोणत्याही दिशेला लांबतो. म्हणजे गुणसूत्रे वेगळी करणे आणि ती योग्य जागी पोहोचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसरे काम सर्वस्वी बाहेरच्या नलिकांवर सोपवलेले आहे.

कार९ मार्ग

तर्कूला जागेवर आणण्याचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात, पश्चावस्था सुरू होण्यापूर्वी, केंद्रक मानेजवळ आणले जाते आणि तर्कू मातृपेशी-मुकुल अक्षाला समांतर केला जातो. हे काम कार९ या प्रथिनाभोवती घडते.

कार९चे जनुक प्रथम वेगळ्याच संदर्भात सापडले. दोन यीस्ट पेशींचा संयोग झाल्यावर त्यांची केंद्रके एकत्र येण्याला केंद्रकसंमीलन म्हणतात. हे संमीलन ज्यांत अडते अशा उत्परिवर्तकांच्या शोधात हे जनुक हाती आले आणि नावही त्यावरूनच पडले. १९९८ मध्ये रीटा मिलर व मार्क रोझ यांनी दाखवले की हेच प्रथिन सामान्य विभाजनातही तारकीय नलिकांना दिशा देते. नळीला वळवून नेमक्या ठिकाणी पोहोचवणे हे काम संयोगात आणि विभाजनात सारखेच आहे; बदलते ते फक्त ठिकाण.

कार९ स्वतः काही ओढत नाही, ते दुवा आहे. एका बाजूला ते बिम१ या प्रथिनाला धरते. बिम१ सूक्ष्मनलिकेच्या वाढत्या, म्हणजे धन टोकाशी असते. दुसऱ्या बाजूला कार९ मायो२ या मायोसिन गटातील चालक प्रथिनाला धरते. मायो२ ॲक्टिनच्या दोरांवरून चालते. हे दोर मुकुलाच्या टोकाशी असलेल्या बीएनआय१ या प्रथिनापासून विणले जातात आणि मुकुलातून मानेवाटे मातृपेशीत पसरलेले असतात. मायो२ची चालण्याची दिशा ठरलेली असल्यामुळे ते नेहमी मुकुलाकडेच जाते आणि जाताना सूक्ष्मनलिकेचे टोक आपल्याबरोबर नेते. नलिकेचे दुसरे टोक ध्रुवपिंडात घट्ट असल्याने ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरून मानेकडे वळते. टोक मुकुलात पोहोचले व पेशीच्या कडेला टेकले की नलिका आखूड होऊ लागते. त्यात किप३ या कायनेसिनचा हात असतो. आखूड होणारी नलिका केंद्रकाला मानेजवळ आणते.

मायो२चा सहभाग २००० साली अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवला. तरीही कार९चे काम केवळ दुव्याचे आहे, की त्याला आणखी काही भूमिका आहे, हा प्रश्न उरला होता. २००३ मध्ये त्यासाठी एक साधी युक्ती वापरण्यात आली. बिम१ थेट मायो२च्या शेपटीला जोडून एक कृत्रिम प्रथिन बनवले गेले. कार९ मुळीच नसलेल्या पेशीतही या प्रथिनाने तर्कू नीट वळला. त्याच अभ्यासात असेही दिसले की नलिकेची मानेकडे जाण्याची गती मायो२च्या स्वतःच्या वेगावर अवलंबून असते. नलिकेला ओढणारे मायो२च आहे, याचा याहून सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

अलीकडच्या काळात कार९चे दुसरे एक अंग पुढे आले आहे. सूक्ष्मनलिकेचे धन टोक सतत वाढते व झिजते. मग कार९ व त्याचे सोबती प्रथिन रेणू झिजणाऱ्या टोकावर टिकून कसे राहतात? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कार९, बिम१ आणि बिक१ ही प्रथिने परस्परांना अनेक ठिकाणी धरून टोकावर थेंबासारखा एक पुंजका बनवतात. एखादा बंध सुटला तरी बाकीचे शिल्लक असल्याने पुंजका विखुरत नाही.

जुना ध्रुव आणि नवा ध्रुव

तर्कूच्या दोन्ही टोकांवर कार९ सारख्याच प्रमाणात बसले असते तर दोन्ही ध्रुव मुकुलाकडे ओढले गेले असते आणि तर्कू आडवाच राहिला असता. प्रत्यक्षात कार९ बहुतेक वेळा एकाच ध्रुवाच्या नलिकांवर आढळते. ही असमानता २००३ मध्ये इव्ह बराल यांच्या गटाने दाखवली. तिच्या नियमनात सीडीसी२८ या चक्रनियंत्रक एन्झाइमाने कार९ला लावलेल्या फॉस्फेट गटांचा वाटा आहे.

हा एक ध्रुव कोणता, याचे उत्तर त्याआधीच मिळाले होते. प्रत्येक विभाजनापूर्वी ध्रुवपिंडाची प्रत तयार होते, म्हणून दोहोंपैकी एक आधीच्या पिढीतला जुना आणि दुसरा नवा असतो. दोघे दिसायला सारखेच. २००१ मध्ये जिस्लेन परेरा, एल्मार शिबेल व सहकाऱ्यांनी ध्रुवपिंडातील एका प्रथिनाला लाल रंगाने चमकणारे प्रथिन जोडले. हे लाल प्रथिन तयार झाल्यावर लगेच चमकत नाही, त्याला परिपक्व व्हायला वेळ लागतो. परिणामी जुना ध्रुवपिंड ठळक आणि नवा फिका दिसला. बहुतांश पेशींत ठळक पिंडच मुकुलात जात होता. रंग हळूहळू पिकण्याचा हा गुण एरवी प्रयोगात त्रासाचाच मानला जातो. येथे त्याचाच घड्याळासारखा उपयोग झाला.

सूक्ष्मनलिका काही काळ नष्ट करून पुन्हा वाढू दिल्या तर ही निवड बिघडते आणि कोणताही ध्रुव मुकुलात जातो. मात्र त्या पेशी जगतात. यीस्टमध्ये जुना ध्रुव नव्या पेशीला मिळतो, तर फळमाशीच्या नरातील जननपेशींच्या मूलपेशींत जुना तारककाय मूलपेशीतच राहतो. म्हणजे वयानुसार वाटणीचे तत्त्व दोन्हीकडे आहे, पण दिशा विरुद्ध आहे.

डायनीन मार्ग

दुसरा टप्पा पश्चावस्थेचा. मानेजवळ येऊन थांबलेल्या केंद्रकाला आता मानेतून ओढून अर्धे मुकुलात न्यायचे असते. हे काम डायनीनचे. यीस्टमधील डायनीनचे जनुक १९९३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ओळखले. त्याची जड साखळी ४,०९२ अमिनो आम्लांची, म्हणजे असाधारण मोठी आहे. मानवी पेशीत डायनीन मालवाहतुकीपासून विभाजनापर्यंत असंख्य कामे करते, त्यामुळे ते काढून टाकले की पेशीच मरते. यीस्टमध्ये त्याचे प्रमुख काम तर्कूला ओढणे हे एवढेच आहे आणि ते नसले तरी पेशी जगते. डायनीनविषयीचे पुष्कळसे मूलभूत ज्ञान यीस्टमधून मिळाले ते या सोयीमुळे.

डायनीन सूक्ष्मनलिकेच्या ऋण टोकाकडे, म्हणजे ध्रुवपिंडाकडे चालते. ते मोकळे असेल तर नुसतेच नलिकेवरून चालत जाईल. पेशीच्या कडेला बांधलेले असेल तर मात्र ते जागचे हलत नाही, नलिकाच त्याच्या पायाखालून सरकते आणि तिच्यामागे केंद्रक ओढले जाते. डायनीनला कडेशी बांधणारे प्रथिन नम१ होय. त्याचे एक टोक पेशीपटलातील विशिष्ट मेद रेणूंना चिकटते, दुसरे डायनीनला पकडते. नम१ पेशीतील तंतुकणिकांनाही कडेला बांधून ठेवते आणि तंतुकणिकांच्या संपर्कात नम१चे पुंजके तयार होण्यास मदत होते. ऊर्जानिर्मितीच्या अंगकाचा तर्कूच्या जागेशी असा संबंध असेल, अशी पूर्वी कोणाची कल्पना नव्हती.

डायनीन कडेपर्यंत पोहोचते कसे, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण २००३ च्या सुमारास मांडले गेले. डायनीन आधी सूक्ष्मनलिकेच्या धन टोकावर निष्क्रिय अवस्थेत जमा होते. त्यासाठी बिक१ व पॅक१ ही प्रथिने लागतात आणि बिक१ला टोकाकडे नेणारे किप२ हे कायनेसिनही लागते. नलिकेचे टोक कडेवरच्या नम१ला भिडले की डायनीन व त्याचा जोडीदार डायनॅक्टिन तेथे उतरवले जातात आणि मग डायनीन सक्रिय होते. जहाजाने माल बंदरात उतरवावा तसा हा प्रकार आहे. नलिका कडेला घासत सरकताना जिवंत पेशीत पाहण्याचे श्रेय मुख्यतः जॉन कूपर यांच्या प्रयोगशाळेला जाते. ते निरीक्षण २००० साली प्रसिद्ध झाले.

२००६ मध्ये यीस्टचे डायनीन शुद्ध स्वरूपात मिळवून त्याच्या एकेका रेणूची चाल मोजण्यात आली. बहुतेक पावले ८ नॅनोमीटरची होती, पण डायनीन कायनेसिनसारखे सरळ रेषेत न चालता मधूनच बाजूला व मागेही पाऊल टाकते असे दिसले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) चैतन्य आठले यांच्या गटाने यीस्टच्या डायनीनचे अनेक रेणू मिळून सूक्ष्मनलिका कशी सरकवतात, याचा प्रयोग व संगणकीय प्रतिरूप यांच्या साहाय्याने अभ्यास केला आहे.

पॅक१ विषयीचा वाद

पॅक१ हे मानवातील एलआयएस१ या प्रथिनाचे यीस्टमधील रूप आहे. एलआयएस१चे जनुक सदोष असल्यास गर्भावस्थेत चेतापेशींचे स्थलांतर नीट होत नाही आणि मेंदूचा पृष्ठभाग वळ्यांविना गुळगुळीत राहतो. हा गंभीर जन्मजात विकार आहे. हे प्रथिन डायनीनला नेमकी कोणती मदत करते, हे समजणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले.

पण येथे प्रयोगांत विसंगती दिसत होती. काचपट्टीवर शुद्ध डायनीनमध्ये पॅक१ मिसळले की डायनीन मंदावते. त्यावरून २०१२ मध्ये पॅक१ची तुलना मोटारीच्या क्लचशी करण्यात आली, म्हणजे इंजिन चालू असूनही चाके फिरू न देणारा भाग. जिवंत पेशीत मात्र पॅक१ काढून टाकले की डायनीन काढून टाकल्यासारखाच परिणाम होतो, तर्कू ओढलाच जात नाही. मंद करणारे प्रथिन गेल्यावर काम वेगाने व्हायला हवे होते. २०२० मध्ये स्टीव्हन मार्कस यांच्या गटाने व इतरांनी याचा उलगडा केला. डायनीनची दोन अंगे एकमेकांत अडकून ते स्वतःलाच मिटवून ठेवते. पॅक१ त्याला उघड्या स्थितीत स्थिर करते आणि त्यामुळे ते डायनॅक्टिनशी व नम१शी जोडले जाऊ शकते. आता पॅक१कडे प्रामुख्याने सक्रियकारक म्हणूनच पाहिले जाते. काचपट्टीवरील मंद गती खरी होती, फक्त तिचा लावलेला अर्थ अपुरा होता.

दोन मार्गांचे परस्परसंबंध

कार९ नसलेली पेशी जगते आणि डायनीन नसलेली पेशीही जगते. दोन्ही नसतील तर पेशी तगत नाही. यावरून दोन्ही मार्ग एकमेकांची उणीव भरून काढतात असा निष्कर्ष निघतो. तथापि त्यांना एकाच कामाचे दोन पर्याय म्हणणे बरोबर नाही. कार९ मार्ग तर्कूला दिशा देतो, डायनीन मार्ग बळ देतो. दिशा चुकली असतानाही डायनीन शेवटी केंद्रकाला मानेतून ओढून काढते, आणि डायनीन नसेल तर नीट वळलेला तर्कू नुसत्या लांबण्याने बऱ्याचदा मानेतून पलीकडे जातो. कमी तापमानात मात्र डायनीन नसलेल्या पेशींतील चुकांचे प्रमाण वाढते.

तर्कूच्या स्थानाची तपासणी

चूक होतेच, म्हणून पेशीने एक पहाराही ठेवला आहे. डायनीन नसलेल्या पेशीत कधी कधी तर्कू संपूर्णपणे मातृपेशीतच लांबतो आणि दोन्ही केंद्रके तेथेच राहतात. अशा वेळी पेशी विभाजन पुढे नेत नाही. ती थांबते, आणि तर्कूचे एक टोक मानेतून पलीकडे गेल्यावरच दुभंगते. या व्यवस्थेला तर्कू-स्थान तपासणी म्हणतात.

तिचा मुख्य घटक टेम१ हे कळीसारखे उघडमीट होणारे प्रथिन आहे. ते सक्रिय झाले की सीडीसी१५ व डीबीएफ२ या एन्झाइमांची साखळी सुरू होते, केंद्रिकेत अडकवून ठेवलेले सीडीसी१४ मुक्त होते आणि पेशी विभाजनातून बाहेर पडते. टेम१ला बंद ठेवणारी प्रथिनजोडी म्हणजे बीएफए१ आणि बब२. ही सगळी प्रथिने ध्रुवपिंडावरच, आणि विशेषतः मुकुलाकडे जाणाऱ्या ध्रुवपिंडावर बसतात. अर्थात संदेशवाहक स्वतःच प्रवास करतो आणि तो कोणत्या प्रदेशात पोहोचला त्यावर पुढचे ठरते.

मातृपेशीत किन४ हे एन्झाइम असते. ते बीएफए१वर फॉस्फेट गट लावते, त्यामुळे सीडीसी५ला बीएफए१ निष्प्रभ करता येत नाही आणि टेम१ बंदच राहते. मुकुलात एलटीई१ हे प्रथिन असते, तेथे किन४ला काम करू दिले जात नाही. ध्रुवपिंड मुकुलात शिरला की तो किन४च्या राज्यातून बाहेर पडतो. सीडीसी५ मग बीएफए१ला बाजूला सारते आणि टेम१ जागे होते. किन४ अतिरिक्त प्रमाणात तयार करवल्यास पेशी विभाजनातून बाहेरच पडू शकत नाही. उलट एलटीई१ अतिरिक्त तयार होऊन मातृपेशीतही पसरले तर तर्कू चुकीच्या जागी असूनही पेशी विभाजन उरकते. अँजेलिका अमॉन व एल्मार शिबेल यांच्या प्रयोगशाळांनी २००० ते २०१० या काळात या चित्राचे बहुतेक भाग जुळवले. एलटीई१ थेट टेम१ला चालू करते असे त्याच्या अमिनो आम्लक्रमावरून प्रथम समजले गेले होते. ते टेम१वर नव्हे तर किन४वर काम करते, हे नंतर कळले.

या 'प्रदेश' कल्पनेने सर्व निरीक्षणांचे समाधान होत नाही. २००९ मध्ये कूपर यांच्या गटाने तर्कू मातृपेशीतच अडकलेल्या पेशी घेतल्या आणि मानेतून आरपार गेलेल्या तारकीय नलिका लेसर किरणाने तोडल्या. एकही ध्रुवपिंड मुकुलात पोहोचलेला नसताना अशा पेशी थांबण्याऐवजी विभाजनातून बाहेर पडू लागल्या. म्हणजे मानेतील नलिकेची उपस्थिती हाही पेशीसाठी 'थांबा' असा संकेत आहे.

इतर यीस्ट

मुकुलन न करणारे शायझोसॅकरोमायसीस पोंबे हे दंडाकार यीस्ट लांबीने वाढते आणि बरोबर मधोमध दुभंगते. 'पोंबे' हे पूर्व आफ्रिकेतील तृणधान्याच्या मद्याचे स्वाहिली नाव आहे. या यीस्टमध्ये केंद्रकच विभाजनाची जागा ठरवते. केंद्रकातून बाहेर येणारे मिड१ हे प्रथिन जवळच्या पटलावर खूण करते आणि तेथे आकुंचन पावणारे कडे तयार होते. त्यामुळे केंद्रक आधीच मध्यावर असणे आवश्यक ठरते. ते ओढून नव्हे, ढकलून मध्यावर ठेवले जाते. केंद्रकाला जोडलेल्या सूक्ष्मनलिका दोन्ही टोकांकडे वाढतात, टोकाला टेकतात आणि केंद्रकाला विरुद्ध दिशेला रेटतात. दोन्ही बाजूंचा रेटा समान झाला की केंद्रक मध्यावर येते. अपकेंद्री यंत्रात फिरवून केंद्रक मुद्दाम एका टोकाला सरकवले असता ते हळूहळू परत मध्याकडे येते, आणि विभाजनाच्या सुरुवातीस ते सरकवलेले असेल तर कडेही सरकलेल्या जागी बनते.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांत मेंदूच्या आवरणाचा दाह घडवणारे यीस्ट मुकुलनानेच वाढते, पण त्यात केंद्रक विभाजनापूर्वीच मुकुलात जाते, गुणसूत्रांची वाटणी तेथे होते आणि एक केंद्रक मातृपेशीत परत येते. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील कौस्तुव सान्याल व सहकाऱ्यांनी या दोन प्रकारांची तुलना केली. कोलकात्यातील भौतिकशास्त्रज्ञांच्या साहाय्याने २०१५ मध्ये त्यांनी मांडलेल्या गणिती प्रतिरूपात, पेशीच्या कडेवरील ओढीची दिशा व प्रमाण बदलल्यास तर्कू मातृपेशीत राहील की मुकुलात जाईल, हे बदलते असे दिसते.